कुट्टी यंत्राचे नट-बोल्ट : कुठे कोणता घालाल?



रब्बीची ज्वारी निघाली, कडब्याच्या गंजी रचून झाल्या, की गोठ्याच्या कोपऱ्यातले कुट्टी यंत्र पुन्हा डोळ्यांपुढे येते. पावसाळाभर ते ओल खात पडलेले असते. पाते बोथट, बुश झिजलेले, रुळांच्या दात्यांत जुना भुसा अडकलेला. मग एखाद्या दिवशी घरातले दोघे-तिघे मिळून ते खोलतात. खोलणे सोपे असते. पाते धार लावायला जाते, बुश नवा येतो, रंगाचा एक हातही मारून होतो. पुढे जोडायची वेळ आली की डालड्याच्या जुन्या डब्यात हात घालायचा आणि जो बोल्ट हाती येईल तो जे भोक दिसेल त्यात बसवायचा, ही आपली पद्धत. दोन बोल्ट कमी पडले तर नांगराचे काढायचे. नट बसेना तर हातोडी आहेच!

या लेखात मी फक्त या नट-बोल्टांविषयी लिहिणार आहे. विषय किरकोळ वाटेल. खते, बियाणे, औषधे यांवर आम्ही मंडळी तासभर बोलतो आणि बोल्टाविषयी चकार शब्द काढत नाही. पण यंत्राचे पाते चाकावर धरून ठेवणारे बोल्ट दोन किंवा तीनच असतात, आणि ते पाते तुमच्या घरातल्या माणसाच्या हातापासून, छातीपासून वीतभर अंतरावरून फिरत असते. म्हणून म्हणतो, थोडे बैजवार वाचा.

हाताचे यंत्र मोटारीवर चढवले की काय होते?

आपल्याकडची बरीच यंत्रे मुळात हाताने फिरवायची होती. एकाने पेंढी सारायची, दुसऱ्याने चाक फिरवायचे. पुढे वाडी-वस्तीवर वीज आली, आणि त्याच यंत्राला पुली बसवून मोटार जोडली गेली. यंत्र तेच राहिले, पाते तेच राहिले, बोल्टही तेच राहिले. बदलला तो वेग.

आता थोडे गणित. एक किलो वजनाचे पाते आसापासून फूटभर अंतरावर बसवले आहे असे धरा. हाताने चाक मिनिटाला चाळीस फेरे फिरते. त्या वेळी ते पाते बाहेर फेकले जाण्याचा ओढा असतो जेमतेम अर्धा किलोचा. दोरीने बांधले तरी राहील म्हणा ना! तेच चाक मोटारीवर मिनिटाला ३०० फेरे फिरू लागले की हा ओढा होतो सुमारे ३० किलो. आणि कोणी हौसेने मोटारीची पुली मोठी बसवून फेरे ६०० केले, तर ओढा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे १२० किलो, एका मोठ्या पोत्याहून अधिक. वेग दुप्पट तर ओढा चौपट, हा हिशेब कोणत्याही फिरत्या चाकाला लागू आहे. त्याशिवाय प्रत्येक फेऱ्यात पाते कडब्यावर आपटते, तो धक्का वेगळा.

पुलीचा हिशेबही सांगून टाकतो. मोटार मिनिटाला १४४० फेरे फिरत असेल, तिची पुली तीन इंची असेल आणि यंत्राची पुली पंधरा इंची, तर यंत्राला पाचवा हिस्सा वेग मिळतो, म्हणजे साधारण २८८ फेरे. मोटारीची पुली सहा इंची केली की ५७६. कुट्टी लवकर होते म्हणून पुली बदलणारा माणूस यंत्राच्या बोल्टांवरचे ओझे चौपट करून ठेवतो. तो बोल्ट बदलायला मात्र कोणी जात नाही.

माळशिरसकडच्या एका वस्तीवर मी असे यंत्र पाहिले. पाते निघून गोठ्याच्या बाभळीच्या मेढीत तीन बोटे रुतले होते. त्या वेळी सारणारी सूनबाई पेंढी आणायला मागे वळली होती, म्हणून वाचली. मी उरलेला बोल्ट हातात घेऊन पाहिला. नट होता अर्ध्या इंचाचा, जुना, यंत्राबरोबर आलेला. बोल्ट होता बारा मिलिमीटरचा, नवाकोरा. बाजारच्या मिस्त्रीने बसवून दिला होता. घरधनी म्हणाले, "साहेब, लई घट्ट बसला होता हो. मीच पाना लावून बघितला होता." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. घट्ट तो बसलाच होता, पण तो घट्टपणा फसवा होता. तो कसा, ते पुढे सांगतो.

इंच आणि मिलिमीटर यांचा घोळ

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीच्या धंद्यापासून सुरुवात केली, कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, हे तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या काळात आपल्या देशात आट्यांचे माप चालायचे ते विलायती इंचाचे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली आट्यांचे जे माप ठरवून दिले, तेच इकडे रूढ झाले. पुढे १९५६ साली आपल्याकडे दशमान वजन-मापांचा कायदा झाला आणि हळूहळू कारखाने मिलिमीटरवर आले. पण बीड काही लवकर झिजत नाही. आजोबांच्या काळातले चाक नातवाच्या गोठ्यात फिरते आहे. त्याची भोके इंचाची, आणि तालुक्याच्या दुकानात सहज मिळतो तो बोल्ट मिलिमीटरचा. आपले मिस्त्री अजून सुताची भाषा बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून चार सुताचा बोल्ट म्हणजे अर्धा इंच, तीन सुताचा म्हणजे पाऊण इंचाचा निम्मा. दुकानदार मात्र दहाचा देऊ का बाराचा, असे विचारतो.

आता अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. बारा मिलिमीटरचा बोल्ट त्याहून थोडा बारीक, म्हणून अर्ध्या इंची नटात तो सहज शिरतो. पण दोघांचे आटे निराळे. अर्ध्या इंची जुन्या बोल्टाला एका इंचात १२ आटे असतात. बारा मिलिमीटरच्या साध्या बोल्टाला तेवढ्याच लांबीत साडेचौदा आटे भरतात. त्यामुळे नट दोन-अडीच फेरे नीट जातो, आणि मग आट्यावर आटा चढून अडकतो. पान्याने जोर लावला की तो घट्ट झाल्यासारखा वाटतो. खरे पाहता तो पात्याला दाबून धरतच नसतो, स्वतःच्याच आट्यांत रुतून बसलेला असतो. मोटार चालू झाली, हादरे बसू लागले, की रुतलेले आटे चुरतात आणि नट एकदम मोकळा होतो. त्या वस्तीवर हेच झाले होते.

तीन सुताचा बोल्ट आणि दहा मिलिमीटरचा नट ही जोडीही अशीच फसवी आहे. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. दहाच्या नटात तो खुळखुळत जातो, एका इंचात सोळा आटे आणि सतरा आटे एवढाच फरक असल्याने बराच आतही जातो, पण आटा आट्याला जेमतेम टेकलेला असतो. ही जोडी तर अनुभवी माणसालाही फसवते.

यावर उपाय सोपा आहे, त्याला कोणतेही हत्यार लागत नाही. जुना बोल्ट आणि नवा बोल्ट यांचे आटे एकमेकांत बसवा आणि उजेडाकडे धरून पाहा. करवतीचे दाते करवतीत बसावेत तसे आटे शेवटपर्यंत एकमेकांत बसले आणि मधून उजेड दिसला नाही, तर माप एक. सुरुवातीला बसून पुढे सरकत गेले, तर माप निराळे. दुसरी खूण अशी की, योग्य नट बोल्टावर शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. बोटांनी फिरत नसेल तर पाना लावायचाच नाही. आधी आटे घासून, तेल लावून पाहा. तरी न फिरला तर तो त्याचा नट नव्हे.

जुन्या मापाचा बोल्ट मिळालाच नाही तर? पात्याचा बोल्ट आरपार जाणारा असतो, बिडात आटे नसतात. तिथे नट आणि बोल्ट दोन्ही मिलिमीटरचे, एकाच मापाचे, जोडीनेच घ्यावेत. भोक अर्ध्या इंचाचे असेल तर बाराचा बोल्ट चालेल, खाली जाड वॉशर घालावा. मात्र बिडातच आटे पाडलेले असतील तर तिथे जुन्याच मापाचा बोल्ट हवा. तो तालुक्याला न मिळाला तर लेथवाल्याकडून करून घ्या, किंवा भोक मोठे करून नव्या मापाचे आटे पाडून घ्या. आटे पाडताना एक लक्षात ठेवा. बीड पोलादापेक्षा ठिसूळ, म्हणून बोल्ट बिडात त्याच्या जाडीच्या दीडपट तरी खोल गेला पाहिजे. दहाचा बोल्ट असेल तर पंधरा मिलिमीटर. दोन-तीन आट्यांवर लटकलेला बोल्ट आवळलात की आटे पिठासारखे बाहेर येतात.

डोक्यावरचा आकडा

दुकानात बोल्ट मागताना आपण जाडी सांगतो, लांबी सांगतो. ताकद सांगत नाही. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर एक आकडा उठवलेला असतो, ४.६ किंवा ८.८ असा, आणि शेजारी बनवणाऱ्याची खूण असते. यातला पहिला आकडा ताणाची ताकद सांगतो. ४ म्हणजे एका चौरस मिलिमीटरला सुमारे चाळीस किलोचा ताण, ८ म्हणजे ऐंशी किलोचा. टिंबापुढचा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती हिश्शापर्यंत बोल्ट ताणला तरी पुन्हा मूळ लांबीवर येतो. ६ म्हणजे सहा दशांश, ८ म्हणजे आठ दशांश. म्हणजे ४.६ चा बोल्ट चोवीस किलोला कायमचा लांबतो, ८.८ चा चौसष्ट किलोपर्यंत टिकतो. डोक्यावर काहीच नसेल तर तो साधा बोल्ट समजावा, दुकानदार काहीही सांगो.

ताकद एवढी का हवी? पाते बोल्टाला अडकून राहते अशी आपली समजूत असते, खिळ्याला टोपी अडकवावी तशी. तसे नाही. पात्याची भोके पाते पुढे-मागे सरकवता यावे म्हणून लांबट असतात. पाते जागेवर राहते ते दाबामुळे. बोल्ट आवळताना तो रबरासारखा किंचित ताणला जातो, आणि आखडण्याच्या जोराने पाते चाकाच्या बाहूवर दाबून धरतो. बाराचा ८.८ चा बोल्ट नीट आवळला तर सुमारे तीन टन दाब देतो. तेवढ्या दाबाखाली पाते हलत नाही. साधा बोल्ट याच्या निम्माही दाब देऊ शकत नाही. पाते केसभर जरी सरकू लागले, तरी ते पुढे-मागे होऊन नट सैल करत राहते.

म्हणून पात्यांना ८.८ चा बोल्ट आणि डोक्यावर ८ ची खूण असलेला नट, ही जोडी घालावी. कणखर बोल्टाला साधा नट घातला तर नटाचे आटे जातात. १२.९ चा त्याहून कणखर बोल्टही मिळतो, तो इथे नको. फार कडक पोलाद धक्क्याला ठिसूळ पडते, आणि इथे त्याची गरजही नाही.

चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट हल्ली सर्रास मिळतात. गंजत नाहीत म्हणून बायाबापड्यांना ते आवडतात, आणि गोमूत्राच्या ओलीत ते टिकतातही खरे. झाकणाला, पन्हळीला खुशाल घाला. पण नेहमीच्या स्टेनलेसची ताणल्यावर परतून येण्याची ताकद ८.८ हून कमी असते, आणि त्याचे आटे एकमेकांना चिकटून बसायची खोड असते. पात्याला तो नको.

बाकीच्या जागी काय घालावे? लोखंडी पायांना, पन्हळीला, जाळीला साधा जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट पुरतो. बिडाचे अंग पायांवर बसते तिथेही साधा चालेल, पण त्याखाली जाड रुंद वॉशर हवा. मोटारीच्या पाटाला साधाच घाला, मात्र पट्टा ताणण्यासाठी तिथे लांब खाच असते, म्हणून वॉशर खाचेहून रुंद असावा. सगळीकडे भारी बोल्ट घालून पैसे घालवण्याचे कारण नाही. भारी तो पात्यांना आणि चाकाला.

आणि एके ठिकाणी भारी बोल्ट घालणे हाच घातपात असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावरून चालणाऱ्या काही अवजारांत एक मऊ बोल्ट मुद्दाम ठेवलेला असतो. दगड अडकला, गवत गुंतले, की तो मोडतो आणि गिअरपेटी वाचते. मोडणे हेच त्याचे काम. वारंवार मोडतो म्हणून त्या जागी ८.८ चा घालणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. असो, तो विषय निराळा.

नट सैल का होतो?

आपण स्प्रिंग वॉशर घातला की निर्धास्त होतो. १९६९ साली गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने आडव्या हादऱ्याखाली नट कसा सुटतो याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानंतर आजवर दिसून आले आहे ते असे की, जोड आडवा सरकू लागला तर स्प्रिंग वॉशर त्याला फारसा थांबवू शकत नाही. नट धरून ठेवतो तो मूळचा दाब. वॉशर घालू नका असे मी म्हणत नाही. त्याच्या भरवशावर आवळण्यात कसर करू नका. आणि एकदा चेपून सपाट झालेला वॉशर पुन्हा घालू नका.

पात्यासाठी मला दोन उपाय पसंत आहेत. पहिला, आत नायलॉनचे कडे असलेला नट. तो शेवटी बोटांनी फिरत नाही, पान्यानेच फिरतो, एवढाच वरच्या नियमाला अपवाद. दर वेळी पाते काढले की हा नट नवा घालावा. दुसरा उपाय जुना, दुहेरी नटाचा. इथे जवळजवळ सगळेच उलटे करतात. जाड नट खाली आणि पातळ नट वर घालतात. बरोबर क्रम असा : पातळ नट खाली, पात्याच्या बाजूला, आणि जाड नट वर. आधी पातळ नट बेताने आवळायचा, मग तो पान्याने धरून वरचा जाड नट त्यावर चांगला कसायचा. खरे ओझे वरचा नट घेतो, म्हणून तो जाड हवा.

बोल्टाची लांबी अशी घ्या की नटाबाहेर दोन-तीन आटे दिसावेत. लांब बोल्ट घेऊन खाली चार-चार वॉशर रचू नयेत, प्रत्येक वॉशर म्हणजे दाब बसून ढिली व्हायची एक नवी जागा. फार पुढे आलेला बोल्ट तोंडाच्या पट्टीवर किंवा झाकणावर आपटतो. डोक्याचा आकारही जुन्या बोल्टासारखाच घ्यावा. जिथे डोके चपटे बसत होते, तिथे षट्कोनी उंच डोके घालून चाक अडवू नये.

जोडताना

सर्वांत आधी पट्टा काढा. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात टाका. आपल्याकडे वीज कधी येईल याचा नेम नाही, आणि रात्रीपासून चालू राहिलेले बटण कोणाच्या ध्यानात नसते. मग चाकाच्या बाहूंतून लाकडी पाचर घालून चाक पक्के अडकवा. हे फार महत्त्वाचे आहे. दोन्ही पाती असताना चाक तोललेले असते. एक पाते काढले की दुसरी बाजू जड होते आणि चाक आपोआप खाली येते. वीज नाही, मोटार नाही, तरी उरलेले पाते बोटे घेऊन जाते. बंद यंत्रावरच्या जखमा मी मोटारीवरच्या जखमांएवढ्याच पाहिल्या आहेत.

गंजलेला नट निघत नसेल तर घण घालू नका. बीड दाबाला भक्कम, पण वाकवायला गेले की काचेसारखे तडकते. डिझेलमध्ये थोडे जुने इंजिन ऑइल मिसळून आट्यांवर सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी डोक्यावर हलक्या हातोडीने टिचक्या मारा. पाना लावून आधी किंचित आवळण्याच्या बाजूला हलवा, मग सोडवा. तरी न निघाला तर नट तापवा, बिडाला आच लागू देऊ नका. एके ठिकाणीच तापलेले बीड तडा देते. तेही नको असेल तर नट छिन्नीने उभा चिरून काढा आणि नवा घ्या. नट स्वस्त आहे, चाक नव्हे.

बसवण्यापूर्वी बाहूवरची आणि पात्याखालची बैठक घासून सपाट करा. रंगाचा थर, गंजाचा पापुद्रा, अडकलेला भुसा यांवर आवळलेला बोल्ट तासाभरात ढिला पडतो, कारण खालचा थर दबतो. वेडीवाकडी बैठक असेल तर आवळताना बाहू वाकतो आणि तडकतो. नंतर सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा, मग थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. एकच बोल्ट शेवटपर्यंत कसून मग दुसऱ्याकडे वळू नये.

किती आवळावे? फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला, दहाच्या ८.८ बोल्टाला सुमारे पंधरा किलोचा जोर, बाराच्याला सत्तावीस किलोचा. पंधरा किलोची तेलाची डबी उचलताना हाताला जेवढे ओझे लागते, तेवढा जोर दहाच्या बोल्टाला. पान्याला पाइप लावू नये. आकड्याविना आलेला साधा बोल्ट याच्या निम्म्या जोरातही ताणून जातो, म्हणूनही आकडा पाहून घ्यावा.

एका पात्याचे बोल्ट बदलले तर समोरच्या पात्याचेही बदला, तेही त्याच वजनाचे. नाहीतर चाक एका अंगाला जड होऊन थरथरते, आणि थरथर ही नटाची वैरीण. पात्याचे अंतर असे लावा की तोंडाच्या पट्टीपाशी धरलेला कागद कापला जाईल, पण पाते पट्टीला घासणार नाही. ही परीक्षा पट्टा न चढवता, चाक हाताने सावकाश फिरवून घ्यायची, कागद लांबट घ्यायचा आणि बोटे दूर ठेवायची.

आता गृहिणींसाठी एक युक्ती. नट पुरता आवळून झाला की नटावरून बोल्टावर आणि पुढे पात्यावर अशी एक सरळ रेघ रंगाने ओढा. घरात नखांना लावायचा लाल रंग असेल तर तोही चालतो. रोज कुट्टीला बसण्यापूर्वी नुसते पाहायचे. रेघ सरळ दिसली तर नट जागेवर. रेघ तुटलेली दिसली तर यंत्र चालवायचे नाही, मग घरातला कर्ता कितीही घाईत असो. एका आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजी कुंकू सरकलं का बघायचं म्हना की!" मला इतक्या थोडक्यात सांगता आले नसते.

नव्याने जोडलेले यंत्र पहिला अर्धा तास चालवून थांबवा आणि सगळे बोल्ट पुन्हा तपासून आवळा. पहिल्यांदा थोडे बसतेच. त्यानंतर हंगामात आठवड्याला एकदा पाना लावून पाहिले तरी पुरे. झाकण आणि जाळी चढवल्याशिवाय मोटार चालू करू नका. त्यांचे दोन बोल्ट हरवले म्हणून जाळी वळचणीला टांगलेली मी कितीतरी घरी पाहतो. मळणीयंत्रांवर होणाऱ्या अपघातांमुळे १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला. आपल्या गोठ्यात मात्र तपासायला कोणी इन्स्पेक्टर येत नाही.

गुऱ्हाळवाल्यांचा एक प्रश्न नेहमी असतो, म्हणून दोन ओळी. चुलवाणाची बिडाची जाळी किंवा बिडाची शेगडी जोडायची असेल तर वरचे सगळे नियम तिथे चालत नाहीत. नायलॉनचा नट आचेला वितळतो. जस्ताचा मुलामा ४१९ अंशांना वितळतो आणि फार तापला तर त्याचा धूर अपायकारक असतो. तिथे काळा, मुलामा नसलेला साधा बोल्ट घ्या. पोलाद तापल्यावर बिडापेक्षा थोडे अधिक लांबते, त्यामुळे चुलीवरचा बोल्ट सैल होणारच. फार कसून उपयोग नाही, उलट बिडाला पसरायला जागा मिळाली नाही तर तेच तडकते. आट्यांना शिशपेन्सिलीच्या काळ्या भुकटीचा, म्हणजे ग्राफाइटचा, तेलात कालवून हात द्या. पुढच्या हंगामात नट पान्याने निघेल, छिन्नी लागणार नाही.

तालुक्याला जाताना जुना बोल्ट नटासह खिशात घेऊन जा आणि दुकानातच दोघांचे आटे जुळवून पाहा. पात्याचे बोल्ट घेताना चार जादा घ्या. ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून एका डबीत घाला आणि डबी यंत्राच्या पायालाच तारेने बांधून ठेवा, म्हणजे ऐन वेळी नांगराचा बोल्ट काढायची पाळी येणार नाही.